सेफ्टी कुठे असावी

५ नोव्हेंबर, सेमाडोह

परतवाड्याहून भाचा आला. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचं लायसन्स मंजूर झालंय, हत्यार अजून घ्यायचंय. संत्र्याच्या व्यापारात रोख रक्कम घेऊन रात्रीबेरात्री फिरावं लागतं, म्हणून त्यानं अर्ज केला होता. माझी उभी नोकरी पोलीस शस्त्रागारात गेली, तेव्हा विचारायला तो माझ्याकडेच येणार. जेवणाआधीच त्यानं सुरुवात केली, "मामाजी, सेफ्टीवालं घेऊ का बिनसेफ्टीचं?"

मी उलट विचारलं, "सराव किती करशील?" तो गप्प बसला. माझ्या मते निवड इथंच ठरते, यंत्राचा विचार नंतर.

६ नोव्हेंबर

सकाळी सिपना नदीकाठी फिरताना म्हणाला, घेतल्यावर इकडे आणून दाखवतो. मी स्पष्ट नाही म्हटलं, हे गाव अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३१ : लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. कलम ३४ प्रमाणे तर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सधारकालाही नाव नोंदवावं लागतं, आणि त्या पट्ट्यात नवं लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आधी लागते. "आन् अस्वल आलं तं?" अस्वलावर .३२ बोअरची गोळी झाडणं म्हणजे त्याला चिडवणं. काठी घेऊन, बोलत-खाकरत चालावं.

दुपारी कागदावर आकृत्या काढून दिल्या. आमच्या खात्यातलं नऊ एमएमचं ईशापुरी पिस्तूल हे मूळचं ब्राउनिंग हाय-पॉवर. त्याचा ट्रिगर फक्त घोडा पाडतो, चढवत नाही. गोळी चेंबरमध्ये ठेवून ते झटकन वापरायचं असेल तर घोडा आधीच चढवून ठेवावा लागतो, आणि मग मध्ये उरते ती अंगठ्याखालची सेफ्टी. अशा रचनेला ती हवीच. नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर, तो भाच्याला मिळायचा नाही. पण इतर बोअरमध्येही याच रचनेची पिस्तुलं येतात.

त्याच पिस्तुलात आणखी एक अडसर आहे : मॅगझिन काढली की ट्रिगर चालत नाही. फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून आलेली ही सोय मला कधीच आवडली नाही. मॅगझिन बाहेर म्हणजे हत्यार रिकामं, अशी खोटी सवय तिनं लागते. चेंबरमधली गोळी तर आतच असते, आणि दुसरं पिस्तूल हातात आलं की तीच सवय जीव घेते.

७ नोव्हेंबर

भाच्याचं मन ग्लॉकवर. मोबाइलवर बघितलेलं. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ते घेतलं. आपल्या एनएसजीच्या कमांडोंकडेही आहे. बाहेर सेफ्टीचा खटकाच नाही. ट्रिगरच्या मध्यावर एक पातं, ते दाबल्याशिवाय ट्रिगर मागे येत नाही. आत फायरिंग पिनला वेगळा अडसर. पडलं तर सुटू नये, ही व्यवस्था उत्तम. पण होल्स्टरमध्ये घालताना शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये अडकलं तर ते पातंही दबतं. कमांडोचं बोट आणि त्याचं होल्स्टर रोजच्या तालमीतलं असतं. व्यापाऱ्याचं नसतं.

आणि आतल्या अडसरांवरही आंधळा विश्वास नको. सिग सॉअरचं पी-३२० पिस्तूल अमेरिकी सैन्यानं जानेवारी २०१७ मध्ये निवडलं, सैन्यासाठी अंगठ्याची सेफ्टी बसवून. त्याच वर्षी नागरी बाजारातलं पी-३२० ठरावीक कोनात आपटलं तर गोळी सुटते असं दिसलं, आणि कंपनीला ट्रिगरची जोडणी बदलून द्यावी लागली.

"मंग खटकावालंच बरं!" नाही. अंधारात, समोर कुणी कोयता उगारलेला, हात थरथरतोय. तेव्हा न घोटलेला अंगठा खटका शोधत राहतो. माणूस ट्रिगर दाबत राहतो आणि हत्यार मुकं.

८ नोव्हेंबर

त्याला रिव्हॉल्व्हर सांगितलं. घोडा न चढवता ट्रिगर ओढला तर ओढ लांब आणि जड, साधारण पाच किलोची. चुकून दाबला जाणं अवघड, आणि मुद्दाम दाबायला दुसरं काही आठवावं लागत नाही. सिनेमातल्यासारखा अंगठ्यानं घोडा चढवायचा नाही, हे बजावलं; चढवला की ओढ एकदम हलकी होते.

आतला अडसर मात्र तपासून घ्यायचा. १९४४ मध्ये अमेरिकी जहाजाच्या डेकवर स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर कंपनीनं घोड्याचा अडसर सुधारला. जुनं हत्यार स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नको, हे एवढ्यासाठीच. कानपूरचं २०१४ साली निघालेलं 'निर्भीक' सुमारे अर्ध्या किलोचं, सहा गोळ्यांचं. ते बघ म्हटलं. पण दुकानात रिकामं मागून ट्रिगरची ओढ स्वतःच्या बोटानं अजमाव, नावावर जाऊ नको.

९ नोव्हेंबर

भाचा सकाळच्या एसटीनं गेला. काल रात्री मला झोप लागली नव्हती, कारण त्याची चार वर्षांची पोर डोळ्यांपुढे येत होती. सेफ्टीचा खटका तिच्या अंगठ्यानंही सरकेल. ट्रिगरची जड ओढ दोन्ही हातांनी जमवणारी मुलं असतात. घरातल्या लेकरासाठी हत्याराच्या अंगावरची कुठलीही सेफ्टी पुरेशी नाही. गोळ्या वेगळ्या, हत्यार वेगळं, आणि दोन्हीला कुलूप. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण त्या प्रशिक्षणाचा कागद लोक फक्त फायलीला जोडतात.

दुपारी सूनबाईला फोन केला. तिजोरी भिंतीत बसेपर्यंत त्याला दुकानाची पायरी चढू द्यायची नाही, आणि किल्ली नेहमी त्याच्या अंगावर राहील. तिनं दोन्ही गोष्टी त्याच्याकडून मी ऐकत असताना फोनवरच कबूल करून घेतल्या.