मत्स्यगंध

पारनेर हे नाव पराशर ऋषींवरून पडले, असे इकडचे जुने लोक सांगतात. पराशर म्हटले की मत्स्यगंधा आलीच. नाव वल्हवणाऱ्या त्या कोळ्याच्या मुलीच्या अंगाला माशांचा वास येई. ऋषींनी तो घालवला आणि ती योजनगंधा झाली, ही महाभारतातली कथा आपल्याला ठाऊक आहे. ऋषींचे हे सामर्थ्य त्यांच्या गावाच्या वाट्याला मात्र आलेले दिसत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी सुकट-बोंबलाच्या पालांकडून वारा सुटला, की तो वास योजनभर नाही तरी दोन-चार आळ्या सहज ओलांडतो. काही जण नाकाला पदर लावतात, काहींची पावले आपोआप तिकडे वळतात. खरे सांगायचे तर, वाचकहो, मी दुसऱ्या जातीची.

पर्जन्यछायेतला आमचा तालुका. उन्हाळ्यात जिथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची, तिथे समुद्रातला मासा घरोघरी कसा, असे एखाद्या परक्या माणसाला वाटेल. पण त्याचे कारणही पाणीच आहे. म्हणजे त्याचे नसणे. ताजा बोंबील म्हणजे शंभरातले ८५ ते ९० भाग नुसते पाणी. हातात धरला तर ओल्या फडक्यासारखा लोंबतो, आणि मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंतही धड राहत नाही. वर्सोवा, उत्तन या बाजूचे कोळी लोक दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांना बांबूच्या वलांडीवर टांगतात. ऊन आणि खारा वारा त्यांच्यातले पाणी काढून घेतात. उरते ती काटकी. ती काटकी मग गोणीत बसून घाट चढते आणि आमच्या उतरंडीत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकते. वैशाखात कुरडया-पापडांबरोबर सुकटाचीही बेगमी होते. (आमच्याकडे सुकट म्हणजे कोकणातला वाळवलेला जवळा.) जून-जुलैत तिकडे समुद्रावर मासेमारी बंद असते, इकडे भाजीचा पत्ता नसतो, तेव्हा भाकरीबरोबर कोरड्यास म्हणून तोच उपयोगी पडतो.

आमच्या घरी तो आला आजोबांमुळे. आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९७२ च्या दुष्काळात आजी सतरा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि रात्री मिलोची लाल भाकरी थापायची. त्या वर्षी आजोबांनी एस.टी.च्या टपावरून पाठवलेले पोतेभर सुकट हे आमच्या घरातले एकमेव कालवण होते. आजी म्हणते, ''मूठभर टाकलं की पातेलंभर पान्याला चव यायची. डाळीला येती का आशी?'' पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा त्यानंतर गावी आले ते परत गेलेच नाहीत. बोंबील मात्र येत राहिले.

सुकट करावे तर आजीने. आधी सुपात पाखडून त्यातली वाळू काढायची. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचे. किती वेळ, असे विचारले तर ती म्हणते, ''वास फिरंपर्यंत.'' हा वास फिरणे म्हणजे काय, ते शब्दांत सांगणे अवघड आहे. आधीचा उग्र, नाकात शिरणारा दर्प हळूहळू खमंग होत जातो आणि एका क्षणी शेजारच्या घरातले मूल दारात येऊन उभे राहते. तेव्हा तवा उतरवायचा. मग कांदा, ठेचलेला लसूण आणि पाट्यावर वाटलेला काळा मसाला. हे सगळे चालते अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, कारण आमचे चुलते माळकरी आहेत. त्यांनी कधी कुणाला खाऊ नका म्हटले नाही. फक्त त्या वेळी ते देवळाकडे जाऊन बसतात.

आणि गंमत अशी, की या माळकरी चुलत्यांचाच मुलगा मुंबईत मासे खारवतो. आमचा दादा एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे. तिथे जे थंड पदार्थांचे वेगळे स्वयंपाकघर असते त्याला फ्रेंच भाषेत 'गार्द मांजे' म्हणतात, अन्न राखणारा असा त्याचा अर्थ, हे त्याने सांगितले तेव्हा आजी म्हणाली, ''माशाच्या राखणीला मांजर? शाने हायेत तुझे मालक!'' दादा हसला, पण मग त्याने जे वर्णन केले ते ऐकून आजीही सरसावून बसली.

त्याच्याकडे येतो तो सॅमन मासा. थंड प्रदेशातला, बहुधा नॉर्वेच्या समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेला, बर्फात बसून विमानाने आलेला. (आपल्या रावसाला हॉटेलवाले इंडियन सॅमन म्हणतात, पण त्या दोघांचे काही नाते नाही.) माशाची एक अख्खी बाजू काट्यापासून सोडवून घ्यायची आणि मीठ-साखरेच्या थरात पुरून दीड-दोन दिवस शीतपेटीत ठेवायची. मीठ पाणी ओढून घेते, मांस घट्ट होते. मग धुऊन, पुसून रात्रभर उघडी ठेवायची, म्हणजे वरून बोटाला चिकटणारी एक पातळ साय धरते. ''या सायीवरच धूर बसतो,'' दादा म्हणाला. ''साय नसली तर धूर नुसता भेटून जातो.'' यानंतर उसाच्या काळ्या मळीचा हात फिरवायचा आणि त्यावर भरड मसाला दाबून बसवायचा. शेवटी धुरी. पण धुरी कशी? धूर गार हवा, ३० अंशांच्या आत. लाकूड एकीकडे धुमसत ठेवायचे, मासा दुसरीकडे आणि मध्ये बर्फाचे ताट. मासा शिजता कामा नये. नंतर त्याचे पिंपळपानासारखे पातळ काप करायचे. अशा चार-पाच कापांच्या बशीला गिऱ्हाईक जे पैसे देते, त्यात आमचा आठवड्याचा किराणा येतो.

या मसाल्याला म्हणतात पास्त्रामीचा मसाला. पास्त्रामी हा मुळात मासा नव्हेच, ते खारवून धुरी दिलेले मांस. तुर्कस्तानातल्या पास्तिर्मा या दाबून वाळवलेल्या मांसाशी त्या शब्दाचे नाते आहे. तो रुमानियात गेला आणि तिथून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोट भरायला निघालेल्या ज्यू लोकांबरोबर न्यूयॉर्कला पोचला. पुढे कुणा हुशार आचाऱ्याने मांसाचा तो मसाला माशाला लावला. मी दादाला विचारले, मसाल्यात असते काय? तो बोटे मोडू लागला: धने, मिरे, मोहरी, लसूण, लाल मिरचीची तिखट नसलेली पूड, कधी लवंग, तमालपत्र. आजी मध्येच म्हणाली, ''अरं, मंग दगडफूल आन्‌ खोबरं तेवढं ऱ्हायलं!'' दादा गप्प झाला. इतकी वर्षे रोज हाताला लागणारा तो वास घरचाच आहे, हे बहुधा त्याच्या प्रथमच ध्यानात येत होते.

पण आजीचा खरा प्रश्न पुढचा होता. ''टिकतो किती?'' दादाने सांगितले, हवा काढून घेतलेल्या पिशवीत, शीतपेटीत, दोनेक आठवडे. पिशवी उघडली की चार दिवस. गरोदर बाईने तर तो खाऊच नये म्हणतात, कारण एक जंतू असा आहे की त्या थंडीतही वाढतो. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''मंग त्यो टिकीवला कशाला म्हनायचा? नुसता नटीवला की रं!''

मी आजवर जी पाठ्यपुस्तके वाचली त्यांत इतके नेमके वाक्य मला क्वचितच सापडले. सॅमनला लावलेले मीठ आणि दिलेला धूर हे दोन्ही एके काळी खरोखरच टिकवण्यासाठी होते. थंड देशांतले लोक हिवाळा काढायचा म्हणून मासा चांगला कडक खारवीत, दिवसचे दिवस धुरावर ठेवीत. मग बर्फाची यंत्रे आली, आगगाड्या आल्या. टिकवण्याचे काम थंडीने उचलले आणि मीठ-धूर चवीपुरते उरले. आता त्या मऊ, ओलसर कापाचा जीव विजेच्या तारेला टांगलेला असतो. वीज गेली की तो गेला. आमच्याकडे वीज जाते तेव्हा आजीच्या उतरंडीतल्या बोंबलाला त्याची खबरही नसते. ताजेपणी ८५-९० भाग असलेले पाणी त्याच्यात आता १५-२० भाग उरलेले असते. जंतूंना तेवढ्यावर संसार थाटता येत नाही. बशीत मांडला की सॅमन देखणा दिसतो, हे मान्य. पण तो बारा ताबेदार घेऊन हिंडणारा राजपुत्र आहे. बोंबील एकटा घाट चढून येतो.

दादाच्या डोक्यात मात्र हा प्रश्न शिरला तो वेगळ्या कारणाने. मुंबईत तो पाच जणांबरोबर एका खोलीत राहतो. माझ्या दुसऱ्या वर्षाची फी त्यानेच भरली. म्हणजे हिशेबाने पाहिले तर मी मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकते तो एका नॉर्वेच्या माशाच्या जिवावर. काकू दर फोनला रडते. सुप्याला, नगर-पुणे रस्त्यावर, गाळा घ्यावा आणि तिथे धुरीचा मासा विकावा, असे त्याच्या मनात आहे. औद्योगिक वसाहत आहे, रस्त्यावर गाड्यांची वर्दळ आहे. आणि मांडओहोळच्या धरणातला मासा मिळतोच की! म्हणून गेल्या दिवाळीत त्याने घरी प्रयोग मांडला.

मासा मिळाला कटला, तीन किलोचा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचा नाही, हे दादाने आधीच बजावले. त्याच्यात कृमी असू शकतात. तेव्हा गार धूर बाद, गरम धुरी द्यायची, आतपर्यंत शिजला पाहिजे. मीठ आणि साखर लावून एक रात्र शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये. मळीऐवजी गुऱ्हाळावरची काकवी. मसाल्यासाठी आजीने धने-मिरे स्वतः भाजले, खलबत्त्यात भरड कुटले आणि दादा 'नको नको' म्हणत असताना चिमूटभर दगडफूल घातलेच. तेलाचे पंधरा किलोचे दोन पत्र्याचे डबे एकावर एक ठेवून, मध्ये जाळी बसवून धुराडे तयार झाले. लाकडाचा प्रश्न आला. कडुनिंब कडवट, निलगिरीला औषधाचा वास. दादा आणि मी यावर वाद घालत होतो, तेवढ्यात चुलते बांधावरून बाभळीची वाळकी फांदी तोडून घेऊन आले. कुणी त्यांना सांगितले नव्हते. फांदी त्यांनी चुलवणापाशी टाकली, कुऱ्हाडीने तिच्या ढलप्या काढून दिल्या आणि ते उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसले. त्या दिवशी देवळात मात्र गेले नाहीत.

तीन तास आम्ही धूर सांभाळला. दादा दर थोड्या वेळाने माशात तापमापकाची सुई खुपसून पाही. आतले मांस ६३ अंशांच्या वर गेल्यावर त्याने डबा उतरवला. मासा तपकिरी-सोनेरी झाला होता, काकवीची चकाकी आली होती, मसाल्याचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा फुगला होता. पण पातळ काप काही निघेनात. कटल्याच्या पाठीत दुहेरी बारीक काटे असतात; सुरी अडखळे आणि मांस कुस्करून पडे. दादाचा चेहरा उतरला. घरातल्या पोरांनी मात्र तो कुस्करा भाकरीवर घेऊन पाहता पाहता संपवला. दादा पाटीवर आकडे मांडत बसला: मासा, लाकूड, गाळ्याचे भाडे, शीतपेटी, आणि विजेचा काय भरवसा? आकडे जमेनात. भाऊबीज करून तो मुंबईला परत गेला.

शेपटीकडचा एक तुकडा उरला होता. आजीने तो सुतळीत ओवून चुलीवरच्या आढ्याला, बियाण्याच्या मक्याच्या कणसांशेजारी टांगला. ''बघू तरी,'' म्हणाली. धूर रोजचाच, त्याला वेगळा खर्च नाही. पहिल्या आठवड्यात तो आक्रसला, दुसऱ्यात काळा पडला, महिन्याने वाजवला तर लाकडासारखा वाजला. अडीच महिने झाल्यावर आजीने तो उतरवला, वास घेतला, माझ्या नाकाला लावला. कुबट नव्हता, आंबट नव्हता. धूर, धने आणि समुद्र न पाहिलेला मासा. तिने तो वरवंट्याने ठेचला, तव्यावर वास फिरेपर्यंत भाजला आणि वांग्यात घातला. मी रात्री दादाला फोन करून तारीख, वजन, किती दिवस टांगला ते सगळे सांगितले. पलीकडून त्याने सगळे लिहून घेतले. मग म्हणाला, ''आजीला विचार, काटे लागले का?''

आजी ताट धूत होती. ''ठेचल्यावं कशाचं काटं?'' ती म्हणाली. ''त्याला म्हनावं, बारका मासा धर. काप नको करू.''