ओढणे आणि ढकलणे

मोटारीच्या शास्त्रात माझी गती बैलगाडीच्या पलीकडे कधी गेली नाही. तरीही परवा गंगापूर रस्त्यावरील एका गॅरेजात मी तासभर रमलो. गेलो होतो तो चिरंजीवांना घरी आणावयास. कायद्याची पुस्तके मिटून ते तेथे मोटारींची अंतरंगे उकलीत बसतात, ही माझी जुनी तक्रार.

आवारात शर्यतीच्या बांध्याच्या दोन मोटारी शेजारी उभ्या होत्या. थोरली गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. धाकटी दिलीप छाब्रिया यांची अवंती, २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात प्रथम झळकलेली. दोघींचीही यंत्रे फ्रान्सच्या रेनोची. पण थोरलीचे ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे, तर धाकटीचे दोन लिटरचे, २५० अश्वशक्तीचे. आज दोघींचेही उत्पादन थांबलेले आहे.

“यातली सरस कोणती रे?” मी विचारले.

“बाबा, चालीतच भेद आहे. हिला पुढची चाके ओढतात, तिला मागची ढकलतात.”

मग त्याने मला धडा दिला. निसरड्या रस्त्यावर ओढणारी गाडी नवख्याला सांभाळून नेते. पण वेगात वळताना पुढच्या चाकांनी ओढायचेही आणि वळायचेही. ओझे फार झाले की गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. अवंतीचे यंत्र बैठकीच्या पाठीमागे. वेग वाढताना भार मागे सरकतो, मागच्या चाकांची पकड वाढते आणि पुढची चाके दिशेपुरती मोकळी राहतात. मात्र ओल्या वळणावर जोर अंमळ अधिक झाला की शेपूट फिरलेच!

इतके नेमके समजावणे मला वर्गात क्वचितच साधले असेल. मी गप्प झालो. इतकी वर्षे या मुलाला मीच ओढीत आलो आणि मीच वळवीतही आलो. लहानपणी ते योग्यच होते. रस्ता निसरडा होता. आता वळण आले आहे. दिशा त्याची असावी, बळ मागून माझे. आणि तेही बेताने!

मला उठलेला पाहून तो निमूटपणे हात पुसू लागला.

“राहू दे. काम पुरे करून ये,” मी म्हणालो, “मी पुढे होतो.”

फाटकाबाहेर आल्यावर माझे मलाच हसू आले. सवय कसली सुटते!