कोंबडीखालचे पदार्थविज्ञान

आमच्या लोहाऱ्यात पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त सर आहेत. पेन्शन जमा झाली की बँकेत येतात आणि पैसे मोजून झाल्यावर विश्वाचे एखादे कोडे सोडवूनच काउंटर सोडतात. मागची रांग त्यांना दिसत नाही.

परवा अंड्यातल्या पिलाची पाळी होती. "अहो, गर्भ म्हणजे काय? ताण, दाब, पृष्ठताण! पेशींचा पापुद्रा दुमडतो, नळी होते, वेटोळी पडतात. डार्सी थॉम्प्सननं १९१७ सालीच पुस्तक लिहून ठेवलंय. प्राण्यांचे आकार पदार्थविज्ञानच देतं. तुमची ती आनुवंशिकता आणि उत्क्रांती नुसत्या सही करणाऱ्या!"

मी पडलो बी.कॉम. एरवी मान डोलावून टोकन पुकारले असते. पण आमची धाकटी यांच्याच शिकवणीला जाते.

सरांचे सगळेच खोटे नाही. २०११ साली हार्वर्डच्या मंडळींनी रबराची नळी ताणलेल्या रबरी पडद्याच्या कडेला शिवली. पडदा सोडताच नळीला कोंबडीच्या आतड्यासारखी वेटोळी पडली! पिलाच्या पोटातही हेच होते. आतडे भराभर वाढते, त्याला धरणारा पडदा मागे राहतो. कबूल. पण आतड्याने किती वेगाने वाढायचे, पडदा किती जाड हवा, हे कोण ठरवते? चक्रवाढ व्याजाचे सूत्र शिपायाला आणि सावकाराला एकच असते, म्हणून मुदतीअखेर दोघांच्या हाती सारखी रक्कम पडत नाही. मुद्दल ज्याने त्याने घरून आणायचे असते. कोंबडीचे आणि लाव्याचे आतडे वेगवेगळी वळणे घेते, ते या घरच्या मुद्दलामुळे. आणि त्यातले कुठले टिकले, कुठले बुडाले, ही खतावणी उत्क्रांतीने लाखो वर्षे लिहिली आहे. तिला सह्याजीराव म्हणणे म्हणजे फारच झाले.

हे सगळे मी सरांना सांगणार, तेवढ्यात रांगेतल्या मावशी पुढे आल्या. "सर, मी एकाच खुडूक कोंबडीखाली बदकाची अन् कोंबडीची अंडी ठिवली होती. बदकाला अठ्ठावीस दिस लागत्यात, कोंबडीला एकवीस, म्हणून बदकाची आठवडाभर आधी. टोपली एक, ऊब एक. मग सगळी कोंबड्याच का नाही निघाल्या वो?"

"अंडीच वेगळी होती ना, मावशी!"

"मग मी तरी काय म्हणतेय?"

सरांनी चष्मा पुसला. "तरीसुद्धा पृष्ठताण..."

"बदकाची पिल्लं हौदात उतरली तवा कोंबडी काठावर उभी राहून दिसभर वरडत होती. तिला समजावून सांगा तुमचा ताण," असे म्हणून मावशींनी पैसे काढायची स्लिप माझ्यापुढे सरकवली.