नियमाने पुसलेली उडी

१/
डेव्हिड थॉम्प्सन याने महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या तीन हंगामांत किती डंक केले? उत्तर आहे : एक. तोही बाद ठरला आणि त्याबद्दल त्याला दंड झाला. तरीही नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संघातला आजवरचा सर्वश्रेष्ठ डंकर कोण, असा वाद निघाला की पहिले नाव त्याचेच येते. आजचा धागा या विसंगतीविषयी.

२/
आधी संज्ञा स्पष्ट करू. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फूट उंच असते. उडी मारून हात रिंगच्या वर न्यायचा आणि चेंडू वरून खाली जाळीत आदळायचा, याला डंक म्हणतात. गुण मात्र दोनच, जवळून टाकलेल्या कोणत्याही साध्या बास्केटइतकेच. सामन्याच्या नेहमीच्या गुणपत्रकात डंकसाठी वेगळा रकाना नसतो. ज्याची मोजदादच नीट ठेवलेली नाही, त्यातला सर्वश्रेष्ठ ठरवायचा आहे. म्हणजे प्रश्न खेळाचा कमी आणि पुराव्याचा अधिक.

३/
मी या वादात ओढले गेले ते रॅले शहरात शिकत असताना. आमचे घरमालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. १९७०च्या दशकात याच विद्यापीठाचे विद्यार्थी. रविवारी दुपारी ते आम्हा भाडेकरूंनाही जेवायला बोलावत. मुलगा आणि नातूही येत. राजकारण टेबलावर आणायचे नाही, असा त्या घराचा दंडक होता. त्यामुळे भांडायला एकच विषय उरे.

४/
नातवाचा पक्ष डेनिस स्मिथ ज्युनियरचा. हा खेळाडू २०१६-१७ या एकाच हंगामात या संघाकडून खेळला आणि लगेच व्यावसायिक झाला. पुढे २०१८ मध्ये तो एनबीएच्या डंक स्पर्धेतही उतरला. नातवापाशी पुराव्यांचा ढीग होता : प्रत्येक उडी अनेक कोनांतून, संथ गतीने, हवी तितक्या वेळा पाहता येणारी. ‘दाखवा तुमचा थॉम्प्सन,’ असे तो आजोबांना म्हणे.

५/
मुलाचा पक्ष स्पड वेबचा. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि वर इंचभर. १९८३ ते १९८५ या काळात तो या संघात होता. १९८६ मध्ये डॅलस येथे, म्हणजे स्वतःच्याच गावी, त्याने एनबीएची डंक स्पर्धा जिंकली. मागे टाकले ते आदल्या वर्षीचा विजेता आणि स्वतःचा सहखेळाडू डॉमिनिक विल्किन्स याला. मुलाचे म्हणणे सरळ होते : रिंग सर्वांसाठी १० फुटांवरच असते, तेव्हा सर्वांत खालून जो तिथे पोचला तोच श्रेष्ठ.

६/
मी परकी, म्हणून तटस्थ समजली गेले. पण मीही पक्ष निवडला होता. लोरेंझो चार्ल्स. ४ एप्रिल १९८३, अल्बुकर्की, राष्ट्रीय अंतिम सामना. समोर ह्यूस्टनचा बलाढ्य संघ, ज्यात ओलाजुवान आणि ड्रेक्सलर होते आणि जो डंकसाठीच प्रसिद्ध होता. गुण ५२-५२. अखेरच्या क्षणी डेरेक व्हिटनबर्गने दुरून टाकलेला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. चार्ल्सने तो हवेतच पकडला आणि जाळीत आदळला. ५४-५२. एका डंकने विजेतेपद दिले. आणखी काय हवे?

७/
घरमालक आमचे सगळे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, ‘तुम्ही थॉम्प्सनला पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये तो दर सामन्यात डंक करायचा.’ प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकच आणि तो यजमान; वाद तिथेच थांबे. पण इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला अशी साक्ष स्वस्थ बसू देत नाही. मी शोधायला गेले आणि एका नियमापाशी येऊन थबकले.

८/
अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या एनसीएएने १९६७-६८च्या हंगामापासून डंकवर बंदी घातली होती. ती उठली १९७६-७७च्या हंगामात. मधली नऊ वर्षे महाविद्यालयीन सामन्यात डंक हा गुन्हा होता : बास्केट रद्द, शिवाय टेक्निकल फाउल. थॉम्प्सन मुख्य संघाकडून खेळला १९७२ ते १९७५. त्याची संपूर्ण कारकीर्द बंदीच्या आत सामावलेली आहे. म्हणजे घरमालकांनी दर सामन्यात जे पाहिले ते घडणे शक्यच नव्हते.

९/
बंदी का आली? सांगितलेली कारणे अशी : खेळाडूंना होणाऱ्या दुखापती, मोडणारे बोर्ड आणि रिंगा, आणि अशा फटक्याला बचावच नाही ही तक्रार. पण काळ पाहा. बंदीआधीच्याच मोसमात यूसीएलए विद्यापीठाच्या ल्यू अलसिंडरने, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारने, पदार्पण केले होते. सात फुटांहून उंच अलसिंडरच्या बळावर यूसीएलए ३० सामने खेळून ३० जिंकली. लोक या बंदीला सरळ ‘अलसिंडर नियम’ म्हणू लागले.

१०/
आणखी एक वर्ष मागे जाऊ. १९ मार्च १९६६ रोजी टेक्सास वेस्टर्न संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडू घेऊन अंतिम सामना सुरू केला आणि संपूर्ण श्वेतवर्णीय केंटकी संघाला ७२-६५ असे हरवले. सामन्याच्या आरंभीच डेव्हिड लॅटिनने जोरदार डंक केला होता. पुढल्याच वर्षी बंदी आली. नियमामागे भेदभाव असल्याची शंका अलसिंडरने उघडपणे बोलून दाखवली. समितीच्या मनात काय होते हे सिद्ध करणे कठीण आहे. पण ज्या खेळाडूंची ती खास कला होती, त्यांतले बहुतेक कोण होते हे सर्वांना दिसत होते.

११/
पुढच्या रविवारी मी हे सारे टेबलावर मांडले. आज त्याची थोडी लाज वाटते, कारण माझ्या आवाजात शोधापेक्षा विजयच जास्त होता. नातू हसला. घरमालक हसले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, ‘मग मी पाहिले ते काय होते?’

१२/
मी म्हटले, ‘आठवते तसे करून दाखवा.’ त्यांनी काटा-सुरी बाजूला ठेवली, दोन्ही हात डोक्यावर नेले, काहीतरी झेलल्यासारखे केले आणि तळवे अलगद उघडले. हात खाली आदळले नाहीत. बोटे नुसती सुटली. आम्ही सगळेच त्या हातांकडे पाहत राहिलो. त्यांनी वापरलेला शब्द चुकीचा होता. हालचाल मात्र तंतोतंत खरी होती.

१३/
कारण बंदीच्या काळात या संघाने शोधलेली वाट नेमकी तीच होती. प्रशिक्षक नॉर्म स्लोन यांच्या संघात मॉन्टी टो हा पाच फूट सात इंचांचा खेळाडू होता. तो किंवा टिम स्टॉडर्ड रिंगच्या रोखाने चेंडू उंच फेके. थॉम्प्सन हवेत जाऊन तो रिंगच्या वर झेले आणि आदळण्याऐवजी हलकेच आत सोडून देई. याला अ‍ॅली-ऊप म्हणतात. ही चाल थॉम्प्सनच्या आधीही होती. पण ती देशभर गाजली ती या संघामुळे. आज तिचा शेवट सहसा डंकने होतो. तेव्हा तो करायला मनाई होती, म्हणून शेवट नाजूक होता.

१४/
यशाची मोजणी करायची तर : १९७२-७३ मध्ये हा संघ २७ पैकी २७ सामने जिंकला, पण खेळाडू-भरतीच्या नियमभंगामुळे राष्ट्रीय स्पर्धेत त्याला प्रवेश नव्हता. पुढच्या वर्षी ३० विजय, एक पराभव. १९७४च्या उपांत्य सामन्यात, दोन वेळा जादा वेळ खेळून, त्यांनी सलग सात वेळा विजेत्या ठरलेल्या यूसीएलएला ८०-७७ असे हरवले आणि मग मार्केटला ७६-६४ ने नमवून विजेतेपद मिळवले. एकाही डंकशिवाय.

१५/
आता दंतकथेकडे. थॉम्प्सन बोर्डाच्या वरच्या कडेवर ठेवलेले नाणे उचलत असे, ही कथा घरमालकांनीही सांगितली. बोर्डाची वरची कड जमिनीपासून १३ फूट. थॉम्प्सनची उंची ६ फूट ४ इंच. अशा माणसाचा वर केलेला हात साधारण सव्वाआठ फुटांवर पोचतो. त्याची उडी ४४ इंचांची सांगितली जाते. बेरीज जेमतेम १२ फूट. नाणे एक फूट वरच राहते. हीच कथा इतरही अनेक उंच उडी घेणाऱ्यांच्या नावावर खपते. फिरत्या कथेची ती खूणच असते.

१६/
पण कथा खोटी म्हणून उडी खोटी ठरत नाही. १९७४च्या स्पर्धेत पिट्सबर्गविरुद्ध, घरच्याच रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये, प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवायला थॉम्प्सन उडाला. त्याचा पाय स्वतःच्याच सहखेळाडूच्या खांद्याला अडकला आणि तो डोक्यावर आपटला. त्याला रुग्णालयात नेले. डोक्याला पट्टी बांधून तो सामना संपण्यापूर्वी परतला. पाय खांद्याला अडकतो याचा अर्थ पाय किती उंचावर होता, याचा विचार करा. अपघात हा कधी कधी स्तुतीपेक्षा प्रामाणिक साक्षीदार असतो.

१७/
आणि तो एकमेव डंक. १९७५, रेनॉल्ड्स कोलिझियममधला त्याचा शेवटचा सामना, समोर शार्लटचे विद्यापीठ. उत्तरार्धात चेंडू घेऊन तो एकटाच रिंगकडे निघाला. समोर कोणी नव्हते. तीन वर्षे जे टाळले ते त्याने केले. बास्केट तत्काळ रद्द झाले, टेक्निकल फाउल दिला गेला. गुणपत्रकाच्या दृष्टीने त्या उडीतून काहीच मिळाले नाही.

१८/
आता माझा लाडका चार्ल्स आठवा. ते विद्यापीठ तेच, कृती तीच. अंतर आठ वर्षांचे. १९७५ मध्ये जी बाद ठरली, तिनेच १९८३ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. चार्ल्सने तीच उडी बंदीच्या काळात मारली असती, तर बास्केट रद्द झाले असते आणि वर ह्यूस्टनला फ्री थ्रो मिळाला असता. माझा ‘अधिक मोलाचा डंक’ हा युक्तिवाद खेळाडूच्या गुणावर उभा नव्हता, नियमपुस्तकाच्या आवृत्तीवर उभा होता. हे कळल्यावर मला तो पूर्वीच्या विश्वासाने मांडता आला नाही.

१९/
बंदी नसती तर काय दिसले असते, याची एक झलक उपलब्ध आहे. २७ जानेवारी १९७६ रोजी डेन्व्हर येथे व्यावसायिक एबीए संघटनेने डंक स्पर्धा घेतली. ज्युलियस अर्व्हिंग पहिला आला, थॉम्प्सन दुसरा. अर्व्हिंगही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून बंदीच्याच वर्षांत खेळलेला. देशातले दोन अग्रगण्य डंकर असे निघाले, ज्यांना त्यांच्या महाविद्यालयीन मैदानांवर डंक करण्याची परवानगीच नव्हती. आणि त्या दिवशीही महाविद्यालयांत बंदी चालूच होती.

२०/
उत्तर कॅरोलायनातच वाढलेल्या मायकेल जॉर्डनचा २००९ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा आपल्याला सादर करण्यासाठी त्याने थॉम्प्सनची निवड केली. चित्रफितींची वाण असलेल्या खेळाडूला दिलेली ही साक्ष नातवालाही मान्य करावी लागली.

२१/
आपल्याकडे बखरी आणि अस्सल कागद यांच्यातला वाद आपण शिकतो : बखर पाल्हाळ लावते, कागद खरे बोलतो. त्या रविवारी मला वेगळे दिसले. इथे कागद खरा होता, पण तो मुका करून ठेवलेला होता. नियमाने कृतीच बंद केली, मग नोंदीत ती सापडणार कशी? आठवणीने त्या रिकाम्या जागेत चुकीचा शब्द भरला. पण जागा रिकामी आहे हे तिनेच दाखवले.

२२/
म्हणून यादी करण्याआधी एक प्रश्न : या नोंदीत काय येऊ दिले गेले होते? स्मिथच्या काळी कॅमेरे सर्वत्र होते, वेबला स्पर्धेचे व्यासपीठ मिळाले, चार्ल्सला बदललेला नियम. यातले त्यांचे श्रेय कमी होत नाही. पण थॉम्प्सनच्या वाट्याला यातले काहीच महाविद्यालयात आले नाही. कृष्णवर्णीय क्रीडापटूंच्या इतिहासात, आणि एकूणच ज्यांना करूच दिले नाही अशा माणसांच्या इतिहासात, ‘पुरावा नाही’ हे वाक्य उच्चारताना दोनदा थांबावे.

२३/
माझे मत विचाराल तर आता मी थॉम्प्सनच्या बाजूने आहे. सिद्ध करता येत नाही, हे मान्य करूनच. मी रॅले सोडले त्या आठवड्यातही टेबलावर तोच वाद चालू होता. फक्त घरमालकांनी आपले वाक्य बदलले होते. ते म्हणाले, ‘तो डंक करत नसे. तो वर जाई, आणि चेंडू सोडून देई.’ आणि त्यांनी पुन्हा हात वर नेऊन बोटे उघडली.

धागा समाप्त.