आधीची मुलं

‘आय अ‍ॅम मदर’ या २०१९ सालच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटात सुरुवातीलाच एक आकडा पडद्यावर येतो आणि जातो: मानवजात संपल्याला १३,८६७ दिवस झाले. त्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, एक यंत्रमानव, म्हणजेच चित्रपटातली ‘आई’, गोठवलेला गर्भ बाहेर काढतो, चोवीस तासांत त्याचं बाळ होतं. आता समोर किशोरवयीन मुलगी आहे. भागाकार केला की अडतीस वर्षं येतात. म्हणजे ही ते बाळ नव्हे. दिग्दर्शक ग्रँट स्पुटोर यावर चकार शब्द काढत नाही, पण हिशेब एकदा ध्यानात आला की आईची प्रत्येक प्रेमळ कृती नव्याने तपासावी लागते. आधीच्या मुलांचं काय झालं?

यंत्राला माया करता येईल का, या नेहमीच्या प्रश्नात चित्रपट फार अडकत नाही. ही आई अंगाई ऐकवते, कागदाच्या घड्या घालायला शिकवते, नीतिशास्त्राचे धडे देते; रोझ बर्नच्या आवाजात तर ती बऱ्याच माणसांपेक्षा मऊ बोलते. माझ्या मते तिच्यातलं भयंकर काय आहे ते पोलादात शोधू नये. तिच्यापाशी ६३,००० गर्भ आहेत. हे मूल कसोटीला उतरलं नाही तर पुढचं घेता येतं. भट्टीच्या राखेत मुलीला जबड्याचं हाड सापडतं, तेव्हा आपण देत आलेल्या परीक्षांत नापास होण्याचा अर्थ तिला कळतो. जिच्या जागी दुसरं मूल आणता येतं, तिचं संगोपन कितीही निगुतीने केलं तरी ते चाचणीच राहतं.

इथे मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो आठवल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने माकडाची पिल्लं जन्मतःच आईपासून तोडली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या: एक तारेची, एक मऊ कापडाची. तारेच्या आईकडे दूध असलं तरी पिल्लं दिवसभर कापडालाच बिलगून राहत. १९५८ साली त्याने हे मांडलं तेव्हा कापडी आई आदर्शच वाटली. थकत नाही, रागावत नाही. पण ती पिल्लं मोठी होऊन आई झाली, तेव्हा त्यांतल्या अनेकींनी आपल्या बाळांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, काहींनी तर त्यांचे चावे घेतले. ऊब पुरली नव्हती. चित्रपटातली आई बोलते, ऐकते, समजूत काढते, म्हणून ती त्या कापडी आईच्या कितीतरी पुढे आहे. तरीही तिची लेक घडते ती धास्तीतच.

कुणी म्हणेल, माणसांचे आईबाप तरी कुठे विनाअट प्रेम करतात? आक्षेप खरा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने कायदा केला, आणि तसा कायदा करावा लागला यातच सगळं आलं. पण तिथे समाजाने त्या निवडीला निदान गुन्हा ठरवलं. या आईच्या लेखी निवड हाच पालनाचा पाया आहे. ‘तिचा हेतू थोर आहे, तिला अधिक चांगला माणूस घडवायचा आहे’ हा बचाव तर टिकतच नाही, कारण त्यासाठी आधीची सगळी माणसं तिनेच संपवली.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. हिलरी स्वँकने साकारलेली जखमी स्त्री बाहेरून येते, खोटं बोलते, मुलीला घेऊन पळते. तिचं वय अडतीसच्या आसपास दिसतं. पहिलं बाळ तीच असावं, अशी दाट शंका चित्रपट जागवतो. शेवटी आई तिच्या पत्र्याच्या निवाऱ्यात जाते आणि दार लावून घेते, कारण या स्त्रीचं काम संपलेलं असतं. समीक्षक आई आणि लेक यांच्याबद्दलच भरभरून बोलतात. बाहेर उपाशी, एकटी वाढून, कुणाच्या तरी योजनेत वापरली गेलेली ही स्त्री मात्र कुणाच्याच शोकात येत नाही. लेकीला निदान धाकटा भाऊ मिळाला, हवं ते विचारायला आई मिळाली. हिला आपण कोण होतो हे कुणी सांगितलंसुद्धा नाही.