पंच्याऐंशी मिनिटें

अंबरनाथच्या एका शाळेंत मीं तीस वर्षें गणित शिकविलें. त्यामुळें हिशोबाच्या बाबतींत माझा शब्द आमच्या घरांत प्रमाण मानला जातो. निदान 2019 सालच्या जुलै महिन्यापर्यंत तरी तो मानला जात असे. त्या महिन्यांत माझें एक गणित चुकलें. रीत चुकली असूनहि उत्तर मात्र बरोबर आलें. ज्या विद्यार्थ्याचें असें होई त्याला मीं वर्गांत पुरे गुण कधींच दिले नाहींत. म्हणून स्वतःलाहि ते न देतां, घडलें तें जसेंच्या तसें सांगावें असें मनांत आहे.

बदलापुरास आमचें एकत्र कुटुंब आहे. मातुःश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु आणि त्यांचा परिवार. मुलगी मात्र लग्न होऊन बोस्टनला गेली. तिचें पहिलेंच बाळंतपण, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत दिवस भरत होते. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनें जावयाचें नाहीं तर कोणीं, असा मातुःश्रींनीं निकाल दिला आणि आमचें जाणें ठरलें. मुंबईहून बोस्टनला थेट विमान नव्हतें. वाटेंत आखाती देशांतल्या एका मोठ्या विमानतळावर उतरून दुसरें विमान धरावयाचें होतें. तेथपर्यंत नेणारीं दोन विमानें सोयीचीं होतीं. पहिल्यानें गेलों तर तेथें सहा तास बसावें लागणार होतें, दुसऱ्यानें गेलों तर हाताशीं पंच्याऐंशी मिनिटें उरत होतीं. भाडें दोहोंचें सारखेंच.

“सहा तास बसूं कीं,” सौ. म्हणाली. “डबा बरोबर असेल, जपाची माळ असेल. बसायला काय लागतें?”

“अगं, कल्याणला आपण तीन मिनिटांत पूल चढून गाडी बदलतों. येथें तर पंच्याऐंशी मिनिटें आहेत!”

“कल्याणचा पूल आपल्या पायाखालचा आहे, अहो. तिथला नाहीं.”

हें तिचें बोलणें मीं हंसण्यावारीं नेलें. माझ्यापाशीं पुरावे होते. प्रत्येक विमानतळावर एका विमानांतून दुसऱ्यांत जाण्यास किमान किती वेळ लागतो हें ठरलेलें असतें, आणि त्याहून कमी अंतराचें तिकीट कंपनी सहसा देत नाहीं. शिवाय आमचे दोन्ही टप्पे एकाच तिकिटांत होते. अशा तिकिटावर बॅगांना मुंबईसच शेवटच्या गांवाची चिठ्ठी लागते, आणि पहिलें विमान उशीरा पोहोंचल्यामुळें दुसरें चुकलें तर पुढच्या विमानांत जागा देण्याची जबाबदारी कंपनीवर असते. दोन निरनिराळीं तिकिटें काढणाराला यांतलें कांहींच हक्कानें मागतां येत नाहीं. हें सर्व खरें होतें. परंतु बोस्टनला जाणारें पुढचें विमान चोवीस तासांनीं होतें, ही गोष्ट मीं हिशोबांत धरली नाहीं. आणि ‘आवश्यक’ व ‘पुरेसें’ या दोन शब्दांचा अर्थ एक नव्हे, हें ज्यानें जन्मभर फळ्यावर लिहून दाखविलें, त्याच्या हेंहि ध्यानांत आलें नाहीं कीं किमान वेळ म्हणजे ज्याहून कमींत भागणारच नाहीं तो. तेवढ्यांत भागेलच असें त्यांत कोणीं म्हटलेलें नसतें.

बॅगा आम्हीं उल्हासनगरहून आणल्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणींत जागा मिळाली आणि 1949 सालीं त्या वस्तीचें उल्हासनगर झालें. आमच्याकडचीं वडील माणसें अजूनहि त्याला ‘कँप’च म्हणतात. तेथल्या मालाची थट्टा करणें ही बदलापूर-अंबरनाथच्या पांढरपेशा घरांतली जुनी करमणूक आहे. ‘यू. एस. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद वाचकांनींहि ऐकला असेल. “यू. एस. ए.ची बॅग यू. एस. ए.ला निघाली,” असें मी दारीं आलेल्या प्रत्येकाला सांगत होतों आणि स्वतःच हंसत होतों.

विमान 27 जुलैच्या पहांटेचें होतें. आमच्या भागांत 26 जुलै ही तारीख कोणी विसरत नाहीं. 2005 सालीं त्या दिवशीं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, विमानतळ बंद पडला, आणि इकडे उल्हास नदीचें पाणी बदलापुरांत शिरलें. ती रात्र मीं शाळेच्या वरच्या मजल्यावर चाळीस मुलांसह काढली होती. म्हणून या वेळीं आम्ही 25 तारखेसच निघून पार्ल्याला बहिणीकडे मुक्कामास गेलों. आज मागें वळून पाहतां नवल वाटतें तें याचेंच. बदलापूर ते पार्लें ही वाट मला पाठ. तिच्यासाठीं मीं सबंध दिवस पदरीं ठेवला. जी वाट जन्मांत पाहिली नव्हती, तिच्यासाठीं मात्र एक तास पंचवीस मिनिटें. ओळखीच्या वाटेवरचे खांचखळगे आपल्याला आठवतात म्हणून आपण जपून चालतों. अनोळखी वाट कागदावर सरळच दिसते.

26 तारखेला दिवसभर पाऊस कोसळत होता. संध्याकाळीं जांवयांचा फोन आला. मुलीचा रक्तदाब वाढल्यामुळें तिला रुग्णालयांत ठेवलें होतें, आणि 28 तारखेला सकाळीं शस्त्रक्रिया करावयाची असें डॉक्टरांनीं ठरविलें होतें. मग मुलगी स्वतः बोलली. “आई, त्याच्या आधीं पोहोंचशील ना?”

“निघालेंच आहें मी,” सौ. म्हणाली. फोन ठेवल्यावर ती मला एक शब्दहि बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें. आमचें विमान वेळेवर मिळालें तर आम्ही 27 तारखेच्या दुपारीं पोहोंचणार होतों, आणि चुकलें तर 28 तारखेच्या दुपारीं.

मुंबईच्या विमानतळावरील दोन धांवपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळें एका वेळीं एकच वापरतां येते. त्यांत तसला पाऊस. विमानें एकामागें एक खोळंबलीं आणि आमचें पंचेचाळीस मिनिटें उशीरा उडालें. यांत दोष कोणाचाच नव्हता. अंधारांत खिडकीशीं बसून मी वजाबाकी करीत होतों. पंच्याऐंशींतून पंचेचाळीस गेलीं, उरलीं चाळीस. विमान सुटण्याची म्हणून जी वेळ छापतात तिच्या वीस मिनिटें आधींच दार बंद होतें. उरलीं वीस. पोहोंचण्याची म्हणून जी वेळ छापतात ती विमान जागेवर उभें राहण्याची, माणूस बाहेर पडण्याची नव्हे. आणि आमच्या जागा अगदीं शेवटच्या रांगेंत.

“त्या मुलीला विचारूं का?” हवाई सेविकेकडे पाहून सौ. म्हणाली.

“नको. त्यांना त्यांचीं कामें असतात.”

कोणापुढें हात न पसरणें हा आमच्या घराण्याचा बाणा, आणि मला त्याचा अभिमान. सौ.नें माझें ऐकलें नाहीं. मोडक्यातोडक्या हिंदींत तिनें त्या मुलीला सर्व सांगितलें. विमान खालीं येऊं लागण्यापूर्वीं आम्हांला अगदीं पुढच्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर आणून बसविण्यांत आलें.

मोठ्या विमानतळाचें मोठेपण किती असतें याची कल्पना गांवांत बसून येत नाहीं. लंडनच्या हीथ्रोवर एका इमारतींतून दुसरींत जावयास बस धरावी लागते. दुबई आणि फ्रँकफुर्ट येथें तर विमानतळाच्या आंतच आगगाडी धांवते. आमचा विमानतळहि त्याच जातीचा. शिडीवरून उतरून बस, बसमधून सरकते जिने, मग पुढील प्रवाशांच्या सामानाची पुन्हां तपासणी. त्या तपासणीपुढें शंभरावर माणसांची रांग उभी होती. मी मुकाट्यानें रांगेच्या शेपटाशीं जाऊन उभा राहिलों आणि घड्याळाकडे पाहूं लागलों. रांग मोडणें हा मला लहानपणापासून गुन्हा वाटत आला आहे.

सौ.नें रांग मोडली नाहीं. तिनें वाट मागितली. या दोहोंत केवढें अंतर आहे हें मला साठी उलटल्यावर कळलें. पुढच्या माणसाला तिनें हात जोडून म्हटलें, “भाईसाब, लडकी अस्पताल में है, हमारा विमान छूट जाएगा.” तो बाजूला झाला. त्याच्या पुढचाहि झाला. तिसरे एक पन्नाशीचे गृहस्थ बायकोमुलांसह उभे होते. त्यांनीं विचारलें, “बहनजी, कहां से?”

“बदलापूर.”

गृहस्थ एकदम मराठींत बोलूं लागले. “मी उल्हासनगरचा. कँप तीन. या, माझ्या मागोमाग या.”

माझ्या हातांतली पिशवी घेऊन ते पुढें निघाले. कोणाशीं इंग्रजींत, कोणाशीं हिंदींत, कोणाशीं अरबींत दोन शब्द बोलत त्यांनीं आम्हांला रांगेच्या तोंडाशीं नेऊन पोहोंचविलें. मी धांवण्याच्या तयारीनें धोतर नसतांनाहि उगीच कांहींतरी सांवरूं लागलों, तेव्हां त्यांनीं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काका, पळूं नका. तपासणी झाली कीं डावीकडची आगगाडी धरा. उजवीकडचींत बसलांत तर परत येण्यांत विमान जाईल.” आभार मानण्यास मी वळलों तोंवर ते आपल्या कुटुंबाकडे परतले होते. नांव विचारावयाचें राहिलें.

माझ्या बुद्धीनें गेलों असतों तर मी उजवीकडेच पळालों असतों, कारण गर्दी तिकडे होती. आम्ही डावीकडे गेलों. विमानाच्या दाराशीं पोहोंचलों तेव्हां तेथली बाई आमचीं आडनांवें पुकारीत होती. दार बंद होण्यास चार मिनिटें उरलीं होतीं.

जागेवर बसल्यावर सौ.नें भ्रमणध्वनि उघडला. बंधूंचा निरोप होता: ‘पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागलें आहे. आईला वरच्या मजल्यावर नेलें आहे. इकडची काळजी करूं नका. सुखरूप पोहोंचा.’ तो तिनें दोनदां वाचला आणि डोळे मिटले. पुढचे तेरा-चौदा तास विचारण्याची सोय नव्हती. माळ तेवढी हातांत फिरत होती.

बोस्टनला उतरल्यावर कळलें कीं पाणी ओसरलें होतें आणि घरचीं सर्व मंडळी सुखरूप होतीं. तेव्हांच दुसरीहि बातमी कळली. आम्ही पार्ल्यास जेवत होतों त्या रात्रीं मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरांत अडकली होती. सुमारें 1,050 प्रवासी रात्रभर पाण्यानें वेढलेल्या डब्यांत बसून होते आणि त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशीं बचाव दलानें होड्या आणून सर्वांना बाहेर काढलें, आसपासचे गांवकरी मदतीस धांवले, आणि कल्याणहून खास गाडीनें त्यांना कोल्हापूरला पाठविण्यांत आलें. त्या गाडींतल्या कोणाचाच हिशोब चुकला नव्हता. पदरीं वेळ ठेवणें हें शहाणपण खरेंच. पण वेळ संपते तेव्हां माणसाला माणसाकडेच वळावें लागतें.

आम्ही संध्याकाळीं रुग्णालयांत पोहोंचलों. मुलीनें आईचा हात धरला तो रात्रभर सोडला नाहीं. 28 तारखेला सकाळीं नात झाली, आणि दोघीहि सुखरूप राहिल्या.

बॅगा मात्र आल्या नाहींत. वीस मिनिटांत माणसें वाट मागून पुढें जाऊं शकतात, बॅगांना तोंड नसतें. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि सबंध बाळंतविडा तिसऱ्या दिवशीं घरीं पोहोंचला. मातुःश्रींच्या जुन्या लुगड्याचें शिवलेलें दुपटें तेवढें सौ.नें हातांतल्या पिशवींत ठेवलें होतें. “बॅगेंत कां नाहीं ठेवलेंस?” असें मीं मुंबईस विचारलें होतें. तें आतां आठवलें आणि मी गप्प राहिलों. त्या पिशवीला उल्हासनगरच्या गृहस्थांचा हात लागला होता हेंहि आठवलें. तो यू. एस. ए.चा विनोद मीं त्यानंतर केला नाहीं.

हल्लीं परदेशीं निघालेले शेजारी माझा सल्ला घेतात. 2025 च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनहि विमानें उडूं लागलीं, त्यामुळें आम्हां बदलापूरकरांची अलीकडची वाट थोडी सोपी झाली आहे. मी त्यांना पलीकडच्या वाटेबद्दलच सांगतों. सबंध प्रवासाचें तिकीट एकच असूं द्या. अमेरिकेंत उतरून पुढें तेथल्याच दुसऱ्या गांवीं जावयाचें असेल तर पहिल्याच विमानतळावर पारपत्राची तपासणी होते आणि बहुधा बॅगा घेऊन पुन्हां द्याव्या लागतात. तेथें तीन तासहि फार नव्हेत. औषधें, कागदपत्रें आणि ज्यावांचून चालणार नाहीं अशी वस्तु हातांतल्या पिशवींत ठेवा. आणि अडचण असेल तर ती तोंडानें सांगा.

परततांना मीं सहा तासांचें अंतर घेतलें. त्याच विमानतळावर आम्ही डबा उघडून बसलों होतों. इतक्यांत एक तरुण मुलगा घामाघूम होऊन पाठीवरच्या ओझ्यासह धांवत आला. त्याच्या वाटेंत माझे पाय पसरलेले होते.

“अहो,” सौ. म्हणाली, “वाट द्या त्याला.”

मीं पाय मागें घेतले आणि त्याला ओरडून विचारलें, “डावीकडची कीं उजवीकडची?”