कोपऱ्यातील घड्याळ

पाळतीच्या कॅमेऱ्यांवर माहितीपट करावयास आम्ही चौघांनी घेतला, तेव्हा त्याचा आरंभ आम्हांस फार सोपा वाटला होता. १८९५ साली ल्यूमिएर बंधूंनी ल्योन येथील आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. मिनिटभरही न चालणारा तो चित्रपट. धन्याच्या कॅमेऱ्याने नोकरांस पाहिले ते असे. त्यापुढे शाळेच्या फाटकावरील चित्रण जोडावयाचे, एवढीच कल्पना.

त्या चित्रणात पहारेकरी मामा स्टुलावर पेंगत होते. वर्गात दाखविताच हशा पिकला आणि, खोटे कशास सांगावे, आम्ही फुशारलो. मामा दारातच उभे होते. "पोरांनो, आदली सारी रात्र मी इस्पितळात मुलापाशी बसलो होतो," एवढेच ते म्हणाले.

तो भाग आम्ही त्याच दिवशी कापला. परंतु अशा चित्रणाच्या कोपऱ्यात वेळ उमटलेली असते. १६ सेकंद काढताच तेथील आकडे एकदम पुढे उडी घेतात. मध्ये दुसरे दृश्य घालून ती उडी लपविता आली असती. आम्ही घातले नाही. आता पाहणारे हटकून विचारतात, मधल्या १६ सेकंदांत काय घडले? आम्ही सांगत नाही.